अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे

आमच्या घरी चहाला येणारी माणसे कमी आणि कागद घेऊन येणारी जास्त, असे माझ्या सासूबाई म्हणत. ते खोटे नव्हते. १९७४ साली मी या गावात सून म्हणून आले तेव्हा जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झालेली होते. आमच्या आळीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती आणि शिकलेले पुरुष मुंबई-पुण्याला कामाला. त्यामुळे पलटणीतल्या पोराचे पत्र असो, सोसायटीची नोटीस असो की तगाईचा कागद असो, तो आमच्या सोप्यावर यायचा. "वैनी, एवढं वाचून दाखवा," म्हणत माणूस उंबऱ्याशी टेकायचा.

पत्रे वाचायला कष्ट नव्हते. पण कोर्टाचा किंवा कचेरीचा कागद आला की माझीच पंचाईत व्हायची. अक्षर मराठी, शब्दही मराठीसारखेच, पण अर्थ हाती लागत नसे. वाचून दाखवणारीलाच कळत नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे?

गावात कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याकडे जाऊन मी एकेक शब्द विचारू लागले. त्यांचा एक नियम होता. "सूनबाई, शब्दाचा अर्थ सांगीन, सल्ला सांगणार नाही. सल्ल्याला वकील आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे," असे ते म्हणायचे. मी दोनशे पानी वही घातली आणि शब्द उतरवून घेऊ लागले. त्या वहीतले काही शब्द आज इथे काढते आहे. सगळे नव्हे. ज्या शब्दांपायी आमच्या गावात माणसांचे बरेवाईट झालेले मी पाहिले, तेवढेच.

पहिला शब्द 'अज्ञान'. आमच्या आळीतल्या एका विधवा बाईने सातबारा आणला. नवरा विहिरीच्या कामावर गेला होता आणि तिच्या दोन मुलांची नावे वारस म्हणून लागली होती. प्रत्येक नावापुढे 'अज्ञान' असा शेरा. मी वाचले मात्र, बाई उसळलीच. "माझी पोरं शाळंत पयल्या नंबरात हायती, त्यास्नी अज्ञान म्हणणारा हा कोण टिकोजी?" तिला समजावता समजावता माझीही करमणूक झाली. कायद्यात अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. ज्याला १८ वर्षे पुरी झालेली नाहीत तो अज्ञान, झाली की सज्ञान. मग तो मॅट्रिकला पाच वेळा बसलेला का असेना!

पण करमणूक तेवढ्यापुरतीच. त्या शेऱ्याच्या खाली 'अ.पा.क.' अशी अक्षरे होती आणि पुढे मुलांच्या चुलत्याचे नाव होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान मुलाच्या वतीने जो कारभार पाहतो त्याचे नाव तिथे लागते. बाप गेल्यावर कायद्याने मुलांची नैसर्गिक पालक आई. मग चुलत्याचे नाव का? "बाईमाणूस कचेरीत कुठे फिरणार" म्हणून कोणी तरी लावून दिले होते. बाईने अर्ज करून स्वतःचे नाव लावून घेतले. मुले मोठी झाल्यावर शाळेचे दाखले जोडून दोघांच्या नावापुढचे अ.पा.क. कमी करून घेतले, तेही तिनेच. कित्येक उताऱ्यांवर अजून चाळीस-चाळीस वर्षांच्या बाप्यांच्या नावापुढे अ.पा.क. तसेच आहे. पाहिजे तर आपापला उतारा काढून पाहा.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. वाटणी होऊन अज्ञान मुलाच्या स्वतःच्या वाट्याला आलेली जमीन खुद्द आईबापालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तसे आहे. विकलीच, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे २१ वर्षे पुरी व्हायच्या आत. घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जमीन अशीच परत जाते.

आता आमच्या घरावर बेतलेला शब्द. माझे मामंजी तीन भावांत मधले. त्या काळी एकत्र कुटुंबाची जमीन घरच्या कर्त्याच्या एकट्याच्या नावावर लावायची रीत होती. आमच्याकडे ते नाव थोरल्या मामंजींचे. १९८३ साली ते वारले. महिनाभराने मी रॉकेलच्या रांगेत उभी होते. चावडी शेजारीच. वेळ जाईना म्हणून चावडीवरच्या फलकाचे कागद वाचू लागले, तर त्यात आमचेच नाव! 'मयत खातेदाराचे वारस' म्हणून थोरल्या मामंजींची बायको आणि दोन मुले. जमीन नऊ एकर, म्हणजे घरची सगळी. माझ्या मामंजींचा आणि धाकट्यांचा पत्ता नाही.

घरी येऊन सांगितले तर एकच वणवा पेटला. "दादानं डाव साधला," म्हणून आमचे हे कुऱ्हाडीकडे बघू लागले. मी म्हटले, आधी जुना उतारा काढू. तहसील कचेरीच्या रेकॉर्डातून जुन्या उताऱ्याची नक्कल मिळायला आठ दिवस गेले. त्या नकलेत थोरल्या मामंजींच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिले होते, 'ए.कु.मॅ.' एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव त्यांचे, पण जमीन सगळ्यांची. ते फक्त कुटुंबाच्या वतीने उभे. सातबाऱ्याची पुस्तके काही वर्षांनी नव्याने लिहीत. तसे ते लिहिताना ही तीन अक्षरे कोणाच्या तरी हातून गळली होती. आणि त्या तीन अक्षरांबरोबर दोन भावांची सहा एकर जमीन गळू पाहत होती.

इथे 'फेरफार' हा शब्द नीट समजून घ्यावा. जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला, खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की गाव नमुना ६ मध्ये त्याची नोंद पडते. ती नोंद म्हणजे फेरफार. ती पडल्याबरोबर पक्की होत नाही. तलाठी संबंधितांना नोटीस काढतो, चावडीवर लावतो आणि पंधरा दिवसांत कोणाची 'हरकत' आहे का ते पाहतो. हरकत आली की नोंद 'तक्रारी' होते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. नाही आली, तर मंडल अधिकारी, ज्यांना आपण सर्कल म्हणतो, ती 'प्रमाणित' करतो. मगच सातबारा बदलतो. पुढे तक्रार असेल तर प्रांतांकडे अपील, त्याला ६० दिवस. आम्ही मुदतीत लेखी हरकत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही, हा आबांचा धडा.

सुनावणीला दोन्ही घरे चावडीवर. माझे चुलत दीर कागद हातात घेऊन म्हणाले, "साहेब, हे एकुमॅ म्हणजे काय भानगड आहे?" साहेबांनी सांगितले. दीर गप्प झाले. मग म्हणाले, "मग तीन भावांची जमीन ती तीन भावांचीच की! मला वाटलं, सरकारनंच बाबांच्या नावावर केली." ज्या माणसाला आम्ही पंधरा दिवस शिव्या घालत होतो, त्यालाही तो शब्द ठाऊक नव्हता. सगळ्यांची नावे लागली आणि पुढे राजीखुशीने वाटप होऊन खाती वेगळी झाली. त्या वारसांच्या यादीत थोरल्या मामंजींच्या दोन लेकींची नावेही नव्हती, ही गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या डोक्यात आली नाही. त्याबद्दल पुढे येतेच आहे.

सातबारा आपण देवाच्या पोथीसारखा जपतो, ते बरोबरच आहे. पण तो काय आहे हेही ठाऊक हवे. नमुना ७ म्हणजे हक्काची नोंद आणि नमुना १२ म्हणजे पिकाची. दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. पिकाची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची सोय झाली आहे. जमीन महसूल कायदा सांगतो की, या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे. नुसत्या नोंदीने कोणी मालक होत नाही आणि नुसती नोंद गेल्याने कोणाची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाने, वाटणीने, बक्षिसाने. सातबारा तिची सावली. सावली वाकडी पडली तर सरळ करून घ्यावी हे खरेच, पण सावली गेली म्हणून माणूस मेला असे समजून रडत बसू नये.

आमच्या शेजारच्या तात्यांची कथा वेगळी. १९९१ साली बांधावरून त्यांचा शेजाऱ्याशी वाद झाला आणि शेजाऱ्याने दिवाणी दावा लावला. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला, तर तात्या उसात जाऊन बसले. बायकोला सांगून ठेवले, "मी गावाला गेलोय म्हण." दुसऱ्यांदा आला तेव्हा तोंडावर सांगितले, "मी घेत न्हाई." बेलिफाने पंचांसमोर समन्स दाराला चिकटवले आणि तो गेला. तात्या फुशारकीने पारावर सांगत, "म्या घेतलंच न्हाई, मला लागू कसं व्हईल?"

लागू होते. समन्स नाकारले तरी कोर्ट ते 'बजावले' असेच धरते. पोस्टाने आलेले नाकारले आणि पोस्टमनने तसा शेरा मारला, तरी तेच. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे, ते बोलावणे आहे. 'तुझ्याविरुद्ध अमक्याने असे म्हटले आहे, तुझे काय म्हणणे आहे ते अमक्या तारखेला येऊन सांग,' एवढाच त्याचा अर्थ. दावा लावणारा तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी, आणि प्रतिवादीचे लेखी म्हणणे म्हणजे कैफियत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. कोर्ट ही मुदत वाढवून देते, पण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतच. तात्या गेलेच नाहीत, तेव्हा कोर्टाने वादीचे ऐकून 'एकतर्फी हुकूमनामा' केला. पाऊण वर्षाने मोजणीवाले बांधावर आले तेव्हा तात्यांना शुद्ध आली. असा हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण अर्ज ३० दिवसांत करावा लागतो आणि न येण्याला सबळ कारण दाखवावे लागते. उसात बसणे हे सबळ कारण नाही. वकिलांनी उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज दिला, कोर्टाने वादीला खर्च देण्याच्या अटीवर दावा पुन्हा उघडला. त्या खर्चात तात्यांची शेळी गेली. बांध जिथे होता तिथेच निघाला. पहिल्या तारखेला गेले असते तर शेळीही राहिली असती.

बायका 'प्रतिवादी' या शब्दाला फार भितात. आपल्या माणसाचे नाव त्याखाली दिसले की आता पोलीस येणार म्हणून चूल थंड! प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे. दिवाणी दाव्यात जमीन, पैसा, रस्ता, हक्क यांचा निवाडा होतो, गुन्ह्याचा नाही. मात्र कोर्टाने 'मनाई हुकूम' किंवा 'जैसे थे' असा हुकूम दिलेला असताना कोणी मुद्दाम तो मोडला, तर दिवाणी कोर्टसुद्धा मालमत्ता जप्त करू शकते आणि तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात ठेवू शकते. दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला आमच्याकडचे सगळे वकील 'निशाणी पाच' म्हणतात. निशाणी म्हणजे कागदाला कोर्टाने दिलेला नंबर, दुसरे काही नाही. आमच्या एका मावशींना वाटत होते की निशाणी म्हणजे कोर्ट अंगठ्याचा ठसा मागते आहे.

आणि वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, हेही सांगून टाकते. ते एका बाजूच्या वकिलाचे पत्र आहे. फाडून टाकू नये, घाबरूही नये. आपल्या वकिलाकडून मुदतीत उत्तर द्यावे.

हे शब्द इतके परके का वाटतात असे मी एकदा आबांना विचारले. ते म्हणाले, कचेरीची भाषा तीन पेवांतून काढलेली आहे. दावा, वकील, अर्ज, वारस, मयत, जप्ती, कब्जा, कैफियत हे फारसीच्या वाटेने आलेले. समन्स, अपील, डिक्री, स्टे हे इंग्रजांचे. आणि भोगवटादार, प्रतिज्ञापत्र, दखलपात्र हे स्वराज्यानंतर सरकारने घडवलेले किंवा रूढ केलेले. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, तरी वकील आणि वारस काही हटले नाहीत. १९९८ सालापासून महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली आहे. ते चांगलेच झाले. पण मराठी म्हणजे आपल्याला कळणारी मराठी, असे काही नाही.

वहीत सगळ्यात जास्त पाने गेली ती दस्तांच्या नावांवर. कारण तिथे एका शब्दाने घर बसते. दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षी, २००४ साली, आमच्या वाडीवरच्या एका जोडप्याला लेकीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. बाई आदल्या रात्री माझ्याकडे आली. म्हणाली, "सावकार म्हणतोय, उद्या कचेरीत गहाण लिहून द्या. पैसे फेडले की परत." मी विचारले, कागदावर काय लिहिले आहे? तिने मसुदा आणला नव्हता. पण तिच्या बोलण्यातून दोन कागद होणार असे कळले. एक कचेरीत नोंदवायचा आणि दुसरा बाहेर, साध्या स्टँपवर, पैसे दिल्यावर जमीन परत देण्याचा करार.

इथे कान टवकारावेत. गहाणखतात जमीन आपलीच राहते, ती फक्त कर्जाला तारण असते. ताबाही त्याला दिला तर ते ताबेगहाण. खरेदीखतात जमीन जाते. आणि 'मुदत खरेदी' किंवा शर्तीची खरेदी या नावाने दोन्हींच्या मधले एक चालते, अमुक मुदतीत पैसे दिले तर परत, नाही तर कायम. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीने, असे सांगतो की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच त्या व्यवहाराला गहाण मानता येईल. अट वेगळ्या कागदावर असली, तर नोंदलेला कागद खरेदीचाच. तोंडी वचन तर वाऱ्यावर गेले. मी तिला एवढेच सांगितले की, अंगठा द्यायच्या आधी साहेबाला मोठ्याने विचार, हे गहाण की खरेदी?

दुसऱ्या दिवशी मीही तालुक्याला गेले होते, माझ्या कामाने. दुय्यम निबंधकांसमोर नवऱ्याची सही झाली. साहेबांनी नियमाप्रमाणे बाईला विचारले, "दस्त कबूल आहे का?" तिने पदर नीट केला आणि विचारले, "सायेब, हे गहाण का खरेदी?" साहेब म्हणाले, "खरेदीखत आहे, बाई." सावकाराचा माणूस घाईने म्हणाला, "ते नुसतं नावाला असतं." बाईने शाईच्या पॅडकडे गेलेला हात मागे घेतला आणि मूठ पदरात लपवली. "मग मला कबूल न्हाई." जमीन दोघांच्या नावावर होती. लिहून देणाऱ्याने कबुली नाकारली की त्याच्यापुरती नोंदणी होत नाही. बाहेर आल्यावर नवरा तिला वाट्टेल ते बोलला, ती गप्प चालत राहिली. लग्न सहा महिने लांबले, एक बैल विकला, सोसायटीकडून थोडे उचलले. ती दोन एकर आज तिचा नातू कसतो आहे.

सावकारीत अशी गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी पुढे २०१४ साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला आहे आणि जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून चौकशी मागता येते. पण गेलेली परत आणणे आणि जाऊच न देणे यात फार अंतर आहे.

त्याच पानावर आणखी दोन शब्द आहेत. साठेखत, म्हणजे पुढे खरेदी देण्याचा करार. त्याने घेणारा मालक होत नाही. आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणे. परगावी राहणारी भावंडे हे पत्र फार सहज लिहून देतात. 'कुल' म्हणजे सगळे. एका कामासाठी द्यायचे असेल तर त्यात तेवढे एकच काम लिहावे.

सोसायटीच्या कर्जाला 'जामीन' राहणे हाही असाच भोळेपणाचा प्रकार. लोक समजतात, जामीन म्हणजे साक्षीदार. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज फेडले नाही तर वसुली थेट त्याच्याकडूनही होऊ शकते. जामीन राहिला आणि जमीन गेली, अशी दोन घरे आमच्या गावात आहेत.

आता लेकींचा हक्क. माझे वडील २००९ साली वारले. पंधराव्यापर्यंत कोणी काही बोलले नाही. मग धाकट्या भावाने कागद पुढे केला. "आक्का, इथं सही कर. नुसती वारसाची सही आहे." मी कागद वाचला. माथ्यावर 'हक्कसोडपत्र' असे ठळक लिहिले होते. मी म्हटले, ही वारसाची सही नव्हे, ही वारस न राहण्याची सही आहे.

हक्कसोडपत्र म्हणजे सहहिस्सेदाराने आपला हिस्सा बाकीच्यांसाठी कायमचा सोडणे. ते नोंदवावे लागते. भाऊबिजेच्या ताटासमोर "मला काही नको" म्हटल्याने हिस्सा जात नाही. पण एकदा नोंदवले की रागलोभ बदलला म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली असे कोर्टात सिद्ध करावे लागते. ज्या बहिणीला खुशीने सोडायचे आहे तिने जरूर सोडावे, त्यात वाईट काही नाही. मात्र काय सोडते आहे ते वाचून सोडावे.

कायदा इथे टप्प्याटप्प्याने बदलला आहे. बापाने स्वतः कमावलेल्या जमिनीत, मृत्युपत्र नसेल तर, लेकीला लेकाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत महाराष्ट्राने १९९४ साली लेकींना जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. माझ्यासारख्या सगळ्या त्यात वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्याच लेकी आल्या. त्या दिवशी बाप हयात हवा की नको यावर बरीच वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की, हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

मी सही केली नाही. दोन वर्षे भाऊबीज झाली नाही. थोरला येत राहिला, धाकटा आला नाही. माहेरच्या वाटेवरून एसटी गेली की मी खिडकीतून दुसरीकडे पाहायची. तिसऱ्या वर्षी तोच आला, ज्वारीची दोन पोती घेऊन. म्हणाला, "तुझ्या वाट्याची." आता जमीन तोच कसतो, उताऱ्यावर माझे नाव आहे, दरवर्षी पोती येतात. थोरल्या मामंजींच्या लेकींनाही मी हे सगळे सांगितले. एकीने नाव लावून घेतले. दुसरी म्हणाली, "वैनी, मला माहेर पायजे, माती नको," आणि तिने कागद वाचून, समजून, हक्क सोडला. दोघींचेही मला पटले.

पोलीस ठाण्याचे शब्द वहीत थोडे आहेत, देवाची कृपा. तिथे एवढेच लक्षात ठेवावे. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. त्याची पहिली फिर्याद लिहितात तिची नक्कल फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. अदखलपात्र, ज्याला 'एनसी' म्हणतात, त्यात कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले. "चारशेवीस" हा शब्द गावातून जायला मात्र वेळ लागेल.

आबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. वही आता नातसुनेकडे आहे. लोक उंबऱ्याशी टेकत नाहीत, फोनवर कागदाचा फोटो पाठवतात आणि ती फोनवरच शब्द सांगते, सल्ला सांगत नाही. सल्ल्यासाठी ती त्यांना तालुक्याला धाडते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, अपंगांना, कोठडीत असलेल्यांना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांनाही. तिथेच लोकअदालतीची माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून कबूल होण्याआधी तो नीट वाचून घ्यावा. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. जाताना आधार कार्ड, आलेला मूळ कागद आणि त्याच्या दोन नकला न्याव्यात. दुपारच्या सुट्टीची वेळ टाळावी.